माटोळीची जागा

८ जून, रविवार

टाकी पुन्हा ओसंडली. मोटर लावली आणि विसरले. गच्चीवरून पाणी थेट शेजारच्या सगुणकाकांच्या अळवात. ते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. बोलले असते तर बरं झालं असतं.

भाड्याच्या घरात होतो तेव्हा टाकी घरमालकाची, गळका नळ घरमालकाचा. आता सगळं माझं. घरप्रवेशाला आठवडा झाला नाही आणि हात ब्लीचने सोलून निघालेत. कोपऱ्याकोपऱ्यात सिमेंट सांडलेलं आहे, ते सुरीने खरवडून काढते आहे.

स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीला माझा हातच पोचत नाही. रुद्रेशने स्वतःच्या उंचीने मारून घेतली होती. मी तेव्हा भांडले, तर म्हणाला, "वयलें काडून दिवपाक हांव आसां न्ही गो." आज हळदीचा डबा काढायला स्टूल घेतलं. स्टुलावर उभी राहून रडले. मग हळद काढून खाली उतरले, वरण व्हायचं होतं.

११ जून

हॉलचा दरवाजा पावसाने फुगला. बंद होईना. बाबांनी, माझ्या सासऱ्यांनी, खांदा लावून बंद केला – आता उघडेना. मी मागच्या दाराने ऑफिसला गेले.

१५ जून, रविवार

बाबांनी अजून कपडे कपाटात ठेवलेले नाहीत. कपाट रिकामं करून दिलंय, कागद अंथरलाय, डांबराच्या गोळ्या टाकल्यात. तरी ती निळी पिशवी खाटेखाली. सकाळी तिच्यातून सदरा काढतात, धुऊन वाळला की घडी घालून परत तिच्यातच. एसटी स्टँडवर बसलेल्या माणसासारखं चाललंय.

लोकांच्या घरात सासू-सुना असतात. आमच्यात सासरा आणि सून. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. मूल झालं नाही. आणि आता रुद्रेशही नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात, हायवेवर – असो. ते लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे.

वर्षश्राद्धाला पाळीला, सासरच्या गावी, गेले तेव्हा मीच म्हटलं, बाबा, धारगळला चला, वास्तुशांतीला कोणीतरी मोठं माणूस हवं. आले. तोपर्यंत त्यांनी हे घर पाहिलंसुद्धा नव्हतं. एकुलता एक मुलगा पाळीचं घर सोडून इकडे बांधतो, हे त्यांना कधी पटलं नाही. तो होता तोवर आले नाहीत, तो गेल्यावर आले. आता पूजेपुरता आलेला माणूस अजून आहे. ते राहावेत असं मला वाटतं. तसं त्यांना सांगायला मात्र जीभ वळत नाही. आमच्यात बोलणं असं कधी नव्हतंच, मधे रुद्रेश असायचा.

२२ जून

पोदेर, पाववाला, आपल्या दारात थांबत नाही. सायकलचा भोंगा वाजवत सरळ पुढे जातो, त्याला हे घर अजून बंदच वाटतं. आज बाबा गेटपाशी उभे राहिले आणि त्याला अडवलं. "हांगा लोक रावतात रे आतां."

गरम पाव, उंडे घेऊन आत आले. मी चहा गाळत होते. पाठ फिरवूनच उभी राहिले थोडा वेळ.

६ जुलै, रविवार

बाबा रोज संध्याकाळी हॉलमधली खुर्ची, त्यांचं कदेल, ओढून बसतात आणि वर बघतात. मला वाटायचं पंखा बघतात. आज विचारलंच. काय बघता हो?

"माटोळी खंय बांदतले?"

चवथ ऑगस्टअखेर आहे. गेल्या वर्षी दुखवट्यामुळे गणपती आणला नाही, यंदा आणायचा. आणि गणपती म्हटला की त्याच्या डोक्यावर माटोळी हवीच. ती काही चार फुलांची माळ नव्हे. लाकडाची जड चौकट, तिला नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंगं, चिबडं, रानातून आणलेली फळं – तिचं ओझं पेलायला वर लोखंड लागतं. बाबा म्हणाले, स्लॅब ओततानाच त्यात हूक सोडायचे असतात. हे मला आज कळलं. माझ्या माहेरी पेडण्यात कौलारू घर, आम्ही माटोळी सरळ वाशांना बांधतो.

मी म्हटलं, ड्रिल मारून हूक बसवता येतील की.

"मागीर मारप वेगळें गो. स्लॅब घालतना जो हूक सोडटा, ताका देव घरांत जाय आसता. हांगा ताणें आपोवंकूच ना."

त्याने देवाला इथे बोलावलंच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलंय. रुद्रेशने घर बांधलं आणि त्यात बापाच्या गणपतीला जागा ठेवली नाही. घराचा गणपती, आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला, तो रुद्रेशने पाळीतच सोडला. हा म्हणे त्याचा जबाब. मी काय सांगणार? मला माहीत नाही. नवऱ्याच्या वतीने भांडायला तरी काही हातात हवं.

७ जुलै

दिवसभर डोकं दुखलं. ऑफिसात दोन चुका.

१९ जुलै

पाऊस, वीज नाही. आम्ही दोघं जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात बसून फणसाच्या बिया सोलत होतो. बाबा एकदम बोलायला लागले. माझ्याकडे न बघता, बियांकडे बघत.

गेल्या वर्षीची गोष्ट. रुद्रेश न सांगता पाळीला गेला होता. बाबा देवळातून परत आले तर घर उघडं, शिडी लावलेली आणि हा वर माळ्यावर. खाली उतरला तेव्हा हातात टेप. बाबांचं डोकं फिरलं. "घर विकपाक माप घेता?" असं विचारलं त्यांनी. धारगळच्या घरासाठी हा पाळीचं घर विकायला निघाला, असंच त्यांच्या मनाने घेतलं. रुद्रेश म्हणाला, "तुमकां तशें दिसता?" बाबा म्हणाले, दिसता. आणि म्हणाले, म्हज्या घरांतल्यान भायर सर.

तो गेला. पाणीसुद्धा न पिता. पुढे बाप-लेक बोललेच नाहीत. मग मे महिना आला.

"घर विकलें आसतें जाल्यार विकूं. पूत तरी येत-वयत रावलो आसतो," म्हणाले. आणि सोललेल्या बिया सालांच्या टोपलीत टाकू लागले. मी टोपली हळूच बदलली.

तो दिवस मलाही आठवतो. केसांत जळमटं घेऊन घरी आला होता. कुठे होतास? "पाळयेंत." कशाला? "अशेंच." जेवला नाही, लवकर झोपला. मी जास्त विचारलं नाही, मला वाटलं बापाशी नेहमीसारखंच वाजलं असेल. आणि वाजलं की दोघांच्या तोंडाला कुलूप! मी मधे पडले की मलाच ऐकवायचे. म्हणून मी पडायचं सोडून दिलं होतं.

विकायचं त्याच्या मनात होतं का? माझ्याशी तरी कधी बोलला नाही. हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे विश्वास ठेवला असं नाही.

२ ऑगस्ट

हॉलच्या सिलिंगवर ओल आली. आधी बशीएवढी, आता परातीएवढी. गच्चीवर कुठेतरी भेग असणार. नवं घर म्हणे!

हे पीओपीचं सिलिंग मीच हौसेने – हौसेने कसलं. डिसेंबरात करून घेतलं. तेव्हा वर नुसता उघडा स्लॅब, लोंबणाऱ्या वायरी, सळ्यांचे तुकडे, प्लॅस्टिकच्या नळ्या. त्या स्लॅबखाली रुद्रेश उभा राहायचा, वर बघत, एकटाच हसत. काय रे? "कांय ना." तो गेल्यावर मला तिकडे मान वर करून बघवेना. बांद्याच्या विठूला बोलावलं आणि सगळं पांढरं करून टाकलं.

आता त्या पांढऱ्यावर पिवळा डाग. विठूला फोन केला. "येतंय वयनी, चवतीच्या आदी येतंय." सगळे चवथीच्या आधीच येणार असतात.

१० ऑगस्ट, रविवार

जेवताना बाबांनी सांगितलं. चवथ पाळीच्या घरात करायची. "मागीर हांव थंयच रावतलों."

आणि मी?

"तूं तरणी आसा. कुळारा वच. हें घर भाड्याक दी."

माहेरी जा. घर भाड्याने दे. इतकं सोपं. मला राग आला. ताट आपटलं नाही, पण नीट ठेवलंही नाही. म्हटलं, बाबा, इथे मी एकटी राहायचं? ते म्हणाले, या घरात मला झोप येत नाही गो, वर बघितलं की तोच दिसतो. मी म्हटलं, मलाही तोच दिसतो, म्हणून तर राहायचंय.

कढी उरली.

१७ ऑगस्ट, रविवार

गेले. पाळीचं घर झाडायला, रंगवायला वेळ हवा, बाबा म्हणाले. निळी पिशवी भरलेलीच होती, नुसती उचलली. म्हापशापर्यंत मी सोबत गेले, साखळीच्या बसमध्ये बसवलं. खिडकीतून म्हणाले, दाराक तेल घाल. चवथीला मी पाळीला जाणार आहे, पाहुण्यासारखी. आणि मग इथे परत. एकटी.

१८ ऑगस्ट

आज पोदेर आपणहून दारात थांबला. मी दोघांचे उंडे घेतले. लक्षातच आलं नाही.

२० ऑगस्ट

सिलिंगचा ओला भाग पोट सुटल्यासारखा खाली आलाय. खाली बाल्दी ठेवलीय. रात्रभर टप टप. दरवाजाला तेल घातलं, काही उपयोग नाही, त्याला रंधा मारायला हवा. सांगायला कोणी नाही म्हणून इथे लिहिते.

मालतीचा फोन. बहीण म्हणून काळजी आहे, कळतं मला. "सोड गो तें घर, पेडण्यां ये." मी म्हटलं, बघू. फोन ठेवल्यावर उगाचच सगळ्या खोल्यांचे दिवे लावले.

२३ ऑगस्ट, शनिवार

विठू खरंच आला. ओला तुकडा कापला तर तो भसकन खाली, सगळा हॉल पांढरा. वर बॅटरी मारून म्हणाला, वयनी, सगळाच काढूचा लागात, आतून कुजलाहा. काढ म्हटलं.

संध्याकाळपर्यंत स्लॅब उघडा पडला. इतक्या दिवसांनी वर बघितलं. वायरी. नळ्या. आणि मधोमध, चार जागी, काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी, वरून इन्सुलेशन टेप. विठूने शिडीवरून एकाची गुंडाळी सोडली. जाड सळीचा हूक. ग्रीस फासलेला. गंजाचा ठिपका नाही.

मी विचारलं, हे पंख्याचे?

"चार-चार पंखे खंय लावतास? गणपतीच्या वयले ते. मिया तेवाच इचारलंय तुमका, ह्ये हूक बाहेर ठेवचे काय. तुमी म्हटलास, झाकून टाका सगळा."

म्हटलं असणार. डिसेंबरात मी सगळ्यालाच तसं म्हणत होते.

विठू गेल्यावर त्या पसाऱ्यातच बसले. बाबा दोन महिने या खुर्चीत बसून वर बघत होते, आणि मुलाने ठेवलेली जागा वितभर वर होती. मधे मी. फोन लावला, ते उचलत नाहीत, त्यांना ऐकूच येत नाही. आणि असं काही फोनवर ओरडून सांगायचं तरी कसं.

पाळीची जुनी चौकट या हुकांना बसेल का? बसली तर बाबांना म्हणता येईल की गणपती इकडे आणू या. रुद्रेशचा टेप खिळ्यांच्या डब्यात मिळाला. विठूची शिडी तिथेच होती, तिच्यावर चढून हुकांमधलं अंतर घेतलं, लांबी आणि रुंदी, हातावर पेनने लिहिलं. उद्या पहिल्या बसने जाते.

२४ ऑगस्ट, रविवार

पाळीला पोचले तेव्हा बाबा विहिरीवर होते. मी हाक न मारता शिडी लावून माळ्यावर चढले. चौकट तिथेच होती, सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. टेप लावला. हातावरचीच मापं. बोटभरही इकडेतिकडे नाही.

खालून आवाज आला, "कितें मापता गो?"

मी सांगितलं. बाबा, आपल्या हॉलच्या स्लॅबमध्ये हूक आहेत, या चौकटीच्या मापाचे. त्यानेच सोडले होते. मी झाकून टाकले.

त्यांनी शिडी दोन्ही हातांनी धरली. मग म्हणाले, "माटोळेचें माप घेतालो तो. आनी हांवें ताका घर विकपी म्हळें."

चौकट आम्ही दोघांनी मिळून खाली उतरवली, धारगळला न्यायला.