नऊ दिवसांची बहीण

आई,

तुझ्या नातीचा बाळाचा विचार चालू आहे. अजून नुसता विचारच. तुमच्या वेळी बातमी पोटात आल्यावर कळायची, हल्ली आधी डॉक्टरांना कळवतात. जावयाला कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सुट्टी मिळेना, म्हणून मंगळवारी तिच्यासोबत मी गेलो. रिक्षात म्हटलं, "अगं, अजून काही नाही तर दाखवायचं काय?" "बाबा, काही नसतानाच जायचं असतं." तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवतो आहे, मला गप्प करणारी विद्यार्थिनी घरातच निघाली.

डॉक्टरीणबाई तिच्याहून थोडी मोठी. साखर, थायरॉइड, चालू असलेली औषधं, लहानपणच्या लसी, घरात कुणी सिगरेट ओढतं का, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, "दोन्ही घरांत कुणाचं बाळ जन्मतः व्यंग घेऊन आलं होतं का? विशेषतः पाठीच्या कण्याचं? असेल तर गोळीची मात्रा वेगळी ठरवावी लागते, म्हणून विचारते." लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "छे, आमच्याकडे नाही." इतकं ठामपणे, की तिनं तसं लिहूनही टाकलं.

शास्त्रानं पाहिलं तर मी खोटं बोललो नाही. बारशाआधी गेलेली, दात न आलेली तुझी मुलगी; तिला नाव नाही, तिथी नाही, श्राद्ध नाही. जिला तिथी नाही ती आमच्या घराण्यात कुठून असणार? असले युक्तिवाद मला फार चटकन सुचतात. "एवढ्यासाठी शिकवला होता का तुला?" असं तू म्हणाली असतीस, आणि वर चहा टाकला असतास.

मग डॉक्टरीणबाईनं कागदावर पेन्सिलीनं एक पन्हळ काढली. बाळाचा कणा आधी असा उघडा असतो, म्हणाली, आणि पहिल्या चार आठवड्यांतच मिटतो. पाळी चुकली की काय म्हणून बाई बोटं मोजत असते, तोवर तो मिटलेला असतो, नाहीतर उघडा राहिलेला. म्हणून फोलिक अ‍ॅसिडची गोळी दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून घ्यायची. त्यानं धोका कमी होतो, हमी मिळत नाही. पुष्कळदा कारण सापडतही नाही. "पण ग्रहणात भाजी चिरल्यानं काही होत नाही हं," ती हसून म्हणाली. लेकही हसली. मी पेन्सिलीकडे बघत राहिलो.

मी नऊ वर्षांचा आहे. स्वयंपाकघरामागच्या बाळंतिणीच्या खोलीत तू भिंतीकडे तोंड करून, पदराआड तिला पाजते आहेस. चौथा दिवस असेल. तिच्या पाठीवर खाली लिंबाएवढा फुगवटा आहे, असं आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते आहे. "ग्रहणात विळीवर बसली असणार ही." न्हाऊ घालायला नेऱ्याहून येणारी बाई पाणी तापवत होती, ती फणकारली, "सुर्व्याला दुसरा काय काम नाय काय, पोरीच्या पाठीवर बसाला?" आणि मी, दारात उभा राहून, खणखणीत आवाजात म्हणालो, "बसली होती. मी पाहिलंय. पडवळ चिरत होती." भूक लागली म्हणून मीच रडत होतो, ग्रहण सुटेपर्यंत घरात कुणी काही देईना, म्हणून तू तेवढ्या अवघडल्या अंगानं विळी ओढलीस, हे मात्र मी सांगितलं नाही. आत्याला साक्षीदार मिळाला. संध्याकाळी तू मला एवढंच म्हणालीस, "खरं बोललास. पण तुला कुणी विचारलं होतं का?"

त्या ग्रहणात तुला सातवा महिना होता, आई. कणा पहिल्याच महिन्यात मिटतो. एवढा साधा हिशोब मला पंचेचाळीस वर्षांनी, लेकीसोबत दवाखान्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सुटला. आणि तू? त्यानंतरच्या प्रत्येक ग्रहणात तू दोन्ही हात मांडीत घेऊन कोपऱ्यात बसायचीस, पोटाशी कुणी नसताना, केस पिकल्यावरसुद्धा. मी शेजारी पंचांग उघडून मोक्षाची वेळ वाचून दाखवायचो. सेवा करतोय असं वाटायचं मला.

न विचारता बोललो तो मी, आणि विचारल्यावर नाही म्हणालो तोही मीच.

दोन दिवस शाळेत मुलांच्या वह्यांवर नुसते लाल शेरे मारत राहिलो. गुरुवारी शाळा सुटल्यावर कामोठ्याला गेलो. लेक कणीक मळत होती. तिथेच, ओट्याशी उभा राहून सांगून टाकलं. तिचा हात थांबला.

"मला आत्या होती?"

"नऊ दिवस."

"आणि डॉक्टरांनी विचारलं तर तुम्ही नाही म्हणालात?"

"हो."

"का पण, बाबा?"

शास्त्र सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. "लाज वाटली."

"कोणाची? तिची?"

तिनं हात धुतले आणि माझ्यासमोरच फोन लावला. डॉक्टरीणबाई रागावली नाही. बरं झालं आत्ताच कळलं, म्हणाली, उद्या या, मात्रा नव्यानं ठरवू. म्हणजे अजून वेळ आहे. दिवस राहिल्यावर मला कंठ फुटला असता तर त्याचा काही उपयोग झाला नसता, हे फोन ठेवताना लेकीनं बोलून दाखवलं नाही. तुझ्यावर गेली आहे.

मग पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "कशी दिसायची हो?" मी म्हणालो, "लहान होतो गं, आठवत नाही."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहितो. तू मला दोनदा हाक मारली होतीस, "ये रे, बहिणीला बघून जा." मी बाहेरच्या खोलीतून ओरडलो, पाठांतर चाललंय. कसलं पाठांतर! पुस्तक मिटलेलंच होतं. मी तिचं तोंड एकदाही पाहिलं नाही, आई. तेवढं मात्र तुझ्या नातीला अजून सांगितलेलं नाही.