गल्लीच्या तोंडापर्यंत

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. गाडीत.

हुए शहर मागे सुटलं, गाडी दक्षिणेला सायगॉनकडे निघाली. आजपासून रोजनिशी नियमित. वही नवी, पेन नवं. पाणीपुरवठा ऑफिसातून निवृत्त होऊन वर्ष झालं आणि मी अजून सायगॉन एकट्याने पाहिलेलं नाही, ही खरं तर लाजेची गोष्ट आहे.

दादाचं वर्षश्राद्ध २८ला, सायगॉनच्या त्याच्या घरी. चांद्र पंचांगातल्या दहाव्या महिन्याची नवमी. आठवडाभर आधी निघालोय ते केवळ बीक वहिनींना मदत व्हावी म्हणून. खुर्च्या मागून आणणं, फळं, मोठी पातेली. सख्खा दीर असताना बाईमाणसाने एकटीने का धावावं? मधल्या वेळात शहर बघायचं. पायी, नकाशाशिवाय.

तुयेत स्टेशनवर म्हणाली, अहो, वहिनींना फोन करून दिवस नि वेळ विचारून घ्या. म्हटलं, सख्ख्या भावाची तिथी मी परक्याला विचारू? म्हणाली, वहिनी परक्या कधीपासून झाल्या? बायकोला असे प्रश्न नेमके गाडी सुटताना सुचतात.

संकल्प: उद्या उतरलो की सरळ वहिनींकडे. आत शिरताच म्हणायचं, वहिनी, माझं चुकलं. तीन शब्द. तीन शब्दांना असा कितीसा वेळ लागतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार.

पोचलो. सरळ वहिनींकडेच निघालो होतो. पण बावीस तासांचा प्रवास, अंगाला वास, शर्टावर मासळीच्या रश्श्याचा डाग. दुःखाच्या घरी अशा अवतारात जाणं बरं दिसत नाही. उत काकूंच्या लॉजवर खोली घेतली. उत म्हणजे शेंडेफळ. हे शेंडेफळ बहात्तर वर्षांचं आहे आणि चपला बाहेर काढा म्हणून ओरडतं.

आंघोळ झाल्यावर लगेच जाणार होतो. पण कॉफी रस्त्याच्या पलीकडे. हुएमध्ये मी चाळीस वर्षं रस्ते ओलांडतोय, मला कोणी शिकवू नये. इथे मात्र स्कूटरी थांबतच नाहीत, नुसत्या येत राहतात. पाऊण तास निरीक्षण केलं. घाई नव्हतीच. शेवटी शेवयांच्या टोपल्या घेतलेली एक म्हातारी निघाली, तिच्या मागोमाग गेलो. मध्यावर तिने वळून विचारलं, बोट धरतोस का रे? दुर्लक्ष केलं.

तोवर संध्याकाळ. तिन्हीसांजेला कुणाच्या दारात जाऊ नये. उद्या.

२३ नोव्हेंबर, रविवार.

सकाळी साउ नावाच्या दुचाकीवाल्याला ठरवलं. साउ म्हणजे सहा. इकडे पोरांना नंबर देतात आणि पहिल्या पोरापासून दोन म्हणायला सुरुवात करतात. हिशेबाचं असं वावडं असलेलं शहर.

वहिनींच्या गल्लीच्या तोंडाशी उतरलो. गल्ली जेमतेम एक स्कूटर जाईल एवढी. घर आत सातवं. पडवीतली निळी खुर्ची दिसली. दादाची. पाय जड झाले, प्रवासाने होतं तसं. शिवाय रविवार. लोकांना एकच दिवस मिळतो विसाव्याचा. परत फिरलो.

साउ म्हणाला, झालं काम? म्हटलं, झालं. तो म्हणाला, कमाल आहे काका, हेल्मेटसुद्धा काढलं नाहीत.

२४ नोव्हेंबर, सोमवार.

आजचा बेत: मोठा बाजार, नदीकाठ, जुनं पोस्ट ऑफिस, आणि संध्याकाळी वहिनी.

प्रत्यक्षात: कॉफी. इथली कॉफी फार सावकाश गळते, त्यात माझा दोष नाही. मग कणीचा भात आणि डुकराच्या मांसाचा भाजका तुकडा. सायगॉनवाले सगळ्यात साखर घालतात. दादा इथे तीस वर्षं राहिला, शेवटी त्यालाही गोडच आवडायला लागलं होतं. हुएला आला की आईच्या हातचा रस्सा खाऊन म्हणायचा, जरा साखर आहे का? आई पळी घेऊन मागे लागायची.

मग गल्लीच्या तोंडाशी. मग परत.

साउने आज गाडी बाजूला घेऊन स्पष्टच विचारलं, काका, भानगड काय आहे? बाई आहे का? माझ्या वयाला न शोभणारा प्रश्न. म्हटलं, मी पाणीपुरवठा खात्याचा माणूस आहे, पाहणी करतोय. हे तसं खोटं नाही. होतो मी खात्याचा. पाहतही होतोच.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.

साउच्या तोंडात तीळ भिजत नाही. गल्लीच्या तोंडाशी बर्फाच्या चहाचा गाडा आहे, तिथे माझ्या आधी सात-आठ जण उभे. एक म्हणाला, साहेब, तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. दुसरा म्हणाला, पहाटे चारलाच येतं, आम्ही काय घुबडं आहोत? मी लिहून घेतलं. सवय असते हाताला. फार बरं वाटलं, वर्षभरात पहिल्यांदा कोणी साहेब म्हणालं.

मग चहावाली म्हणाली, आणि साहेब, आत सातव्या घरातल्या बीकबाईंचाही नळ लिहा. सारखा गळतो. त्यांचे मिस्टर होते तोवर गल्लीतलं काहीही बिघडलं की तेच बघायचे. गेले बिचारे. बाई चिंधी बांधून चालवते. सख्खा दीर आहे म्हणे हुएला, पण माती द्यायलासुद्धा आला नाही. असतात एकेक.

मी तेही लिहून घेतलं. नळ, सातवं घर. पुढचं नाही लिहिलं.

संकल्प: उद्या नवा नळ घेऊन जाणार. हातात काम असलं की माणूस आत शिरतो. आधी नळ, मग तीन शब्द.

२६ नोव्हेंबर, बुधवार.

नळ घेतला. पितळी, उत्तम. दुकानदाराने विचारलं, अर्धा इंची की पाऊण? मोजल्याशिवाय काय सांगणार. म्हणजे आज जाता येणार नाही हे उघड आहे. दोन्ही घेऊन ठेवले.

खोलीत बसून राहिलो. उत काकू म्हणाल्या, शहर बघायला आलात ना? मग भिंत काय बघताय?

रोजनिशीत खरं लिहावं असं म्हणतात. लिहितो. कोणी वाचणार नाही.

गेल्या वर्षी दादाने हॉस्पिटलातून फोन केला. अष्टमी होती, दिवसभर पाऊस. म्हणाला, जमलं तर येऊन जा रे. मी म्हटलं, दादा, माझा निरोप समारंभ आहे, तो झाला की लगेच. दादा म्हणाला, हो हो, तो आधी. चाळीस वर्षं घासलीस. नवमीला पहाटे गेला.

वहिनींना कळवलं, पूर आलाय, रूळ पाण्याखाली आहेत. ते खरं होतं. एक दिवस खरं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गाड्या सुरू झाल्या. तुयेतने माझी बॅग भरून दाराशी ठेवली होती. मी पलंगावर बसलो होतो. कोणत्या तोंडाने जायचं हेच ठरेना. मग आणखी एक गाडी गेली. मग मातीची वेळही टळून गेली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायचं नव्हतं.

समारंभात काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं. साहेब म्हणाले, यांनी कधी काम पुढे ढकललं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.

आज नक्की. दोन्ही नळ खिशात. इस्त्रीचा शर्ट.

साडेदहाला गल्लीच्या तोंडाशी. आत बघतो तर स्कूटरींची ही रांग. प्लास्टिकच्या लाल खुर्च्या, हसणं-खिदळणं, बियरचे डबे, कुणीतरी माईकवर बेसूर गातंय. कुठल्या घरी ते गर्दीत दिसेना. साउ नाक वर करून म्हणाला, काका, उदबत्तीचा वास येतोय, कुणाचं तरी पितरांचं जेवण असावं. म्हटलं, हा वास मला शिकवू नकोस, साखरपुडा आहे. माईकवर गातात का श्राद्धाला? तो म्हणाला, आमच्याकडे गातात.

एवढ्या आनंदात आपण दुःखाचा विषय काढत आत जाणं असंस्कृतपणाचं. मला लोकांच्या भावनांची फार कदर आहे, हा माझा जुना दोष. परत फिरलो. गल्लीतून एक मुलगी बर्फ घ्यायला बाहेर आली, माझ्याकडे बघत उभी राहिली. मी हेल्मेटची काच खाली केली.

नाहीतरी तिथी उद्याचीच. एकदाच जाऊ, व्यवस्थित जाऊ.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. नवमी.

सकाळी आठला गेलो. साउला म्हटलं, थांबू नकोस. तो म्हणाला, बघा हं. थांबला नाही.

केळ्यांची फणी, उदबत्त्या, पांढरी शेवंती. गल्लीत शिरलो. एक घर, दोन घरं, सातवं. वहिनी दारात उकिडव्या बसून मोठं पातेलं घासत होत्या. भिंतीशी लाल खुर्च्या एकात एक रचलेल्या.

वहिनींनी वर पाहिलं. म्हणाल्या, या भावोजी. काल होतं.

म्हटलं, काल अष्टमी होती, वहिनी. दादा नवमीला.

त्या म्हणाल्या, आमच्याकडे, सायगॉनला, माणूस गेला तो दिवस धरत नाहीत. जिवंत होता तो शेवटचा दिवस धरतात. त्या दिवशी तो आपल्या हाताने जेवला होता, बोलला होता, त्याच दिवशी त्याला जेवू घालायचं. नवमीला काय वाढणार, नवमीला त्याचं तोंड मिटलेलं होतं.

मग म्हणाल्या, तुम्हाला फोनही केला होता ना त्याने त्या दिवशी. फोन ठेवून म्हणाला, येतोय माझा भाऊ, समारंभ झाला की येतोय. अर्धी वाटी पेज जास्त प्याला.

मी फणी कुठे ठेवावी ते बघत होतो.

वहिनी पातेलं घासत राहिल्या. मंगळवारी चहावालीने सांगितलं म्हणे, पाण्याच्या ऑफिसातून साहेब आलाय, हुएच्या बोलीत बोलतो, दादांसारखंच कपाळ आहे. वहिनी म्हणाल्या, मला काय कळायचं राहिलं? मी तिला म्हटलं, येतील आज, उद्या. काल आमच्या चीने तुम्हाला गल्लीच्या तोंडाशी पाहिलं, बर्फ न घेताच पळत आली. आई, काका आलेत म्हणाली. मी सगळ्यांना चॉपस्टिक्स खाली ठेवायला लावल्या. पंधरा मिनिटं कुणी घास घेतला नाही. रस्सा गार झाला, तेव्हा म्हटलं, जेवा आता.

ची म्हणजे दादाची मुलगी. तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती शाळेत होती. काल मी तिला ओळखलं नव्हतं.

आता तरी बोलायला हवं होतं. म्हटलं, वहिनी, त्या वेळी रूळ पाण्याखाली. त्या म्हणाल्या, हो, एक दिवस होते. तुयेतने मला तेव्हाच सांगितलं. फोनवर रडत होती बिचारी. म्हणजे वर्षभर त्या दोघींना माहीत होतं आणि मी दोघींशीही पुराबद्दल बोलत होतो. पाण्याची उंची फुटांत सांगितली होती मी.

मग मी ते तीन शब्द काढले. वहिनी, माझं. एवढ्यात त्यांनी ओला हात वर केला. म्हणाल्या, राहू द्या, भावोजी. ते बोलून कुणाचं मन हलकं होणार आहे? तुमचंच ना? मला भांडी घासायची पडलीत.

आत जाऊन दादाच्या फोटोसमोर उदबत्ती लावली. फोटोत तो हसतोय. कुणीही आलं की हसायचा तसा.

नळाचं विचारलं. दोन्ही बरोबर आणलेत म्हटलं. वहिनी म्हणाल्या, शेजारचा येतोय दुपारी, त्याला सांगितलंय. मग कालचा भात, कालचा रस्सा गरम करून समोर ठेवला. रस्सा गोड होता. सगळा संपवला, वाटी चाटूनपुसून. भूक लागली होती, हेही लाजिरवाणंच.

खुर्च्या परत करायचं काम मी मागून घेतलं. चार घरांच्या होत्या. शेवटच्या घरातल्या आजोबांनी चष्मा वर करून विचारलं, बीक, हा कोण ग? वहिनी दारातूनच म्हणाल्या, पाहुणे आहेत, हुएहून आलेले.

आजोबांनी मला बसायला माझ्याच हातातली खुर्ची दिली.

२९ नोव्हेंबर, शनिवार. गाडीत.

तुयेतचा फोन. पाहिलंत का सायगॉन, विचारत होती. मग जरा थांबून म्हणाली, वहिनी काय म्हणाल्या?

म्हटलं, जेवायला वाढलं.

फोन ठेवल्यावर दोन्ही नळ खिशातून काढून बॅगेत टाकले.