नसलेल्या चिंचेचा पत्ता

मंगळवार, संध्याकाळ. साकोली.

डोकं चालूनच नाही राहिलं. सॉफ्टवेअर बांधायच्या आधी त्याचा आराखडा चौकटी अन् बाणांनी मांडायचं आमचं टूल आहे. ते एआय एजंटले, म्हणजे सांगितलेलं काम आपणच करणाऱ्या प्रोग्रामले, वापरता यावं म्हणून त्याची माहिती मी लिहिते. मी लिहिलं होतं, 'नवी चौकट नोंदणीच्या चौकटीजवळ ठेवावी.' ती नोंदणीची चौकट आमच्या टूलमधल्या तयार नमुन्यातून कधीचीच काढली. पण तिची जागा ऑफिसात सगळ्यांले माहीत आहे ना! एजंटले ती सापडली नाही, तर त्यानं स्वतःच एक बनवली, बाणही जोडले. अन् ग्राहकाकडं तसंच गेलं.

नागपूरहून आमच्या साहेबांचा फोन. "नसलेल्या वस्तूचा पत्ता कायले देता जी?"

रागच आला. काहून, ते मले अजूनही समजलं नाही.

मग भंडाऱ्याहून मावशी आली. ऑटोवाल्याले मीच फोनवर सांगितलं होतं, "चिंचेजवळ उतरवून द्या." चिंच तर हायवे रुंद केला तेव्हाच तोडली. तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. तरी ऑटो बरोबर तिथंच थांबला! मग माझं चुकलं काय? ऑटोवाल्याले चालते, एजंटले काहून नाही?

मावशीले सगळं सांगितलं. चहा पिता पिता म्हणे, "म्हणजे त्या एजंटनं तुमची चिंच परत लावली. बिचाऱ्यावर चिडतेस कायले?"

हसू आलं. मग आठवलं, ग्राहकाच्या आराखड्यातली ती चिंच उद्या सकाळी मलेच तोडायची आहे.