गुरुवारचं वादळ शुक्रवारी

प्रिय ढगूबाई,

बाबांनी ठेवलेलं हे नाव मी तुझ्या ऑफिसात कुणाला सांगणार नाही, घाबरू नकोस. आई म्हणते, तू हल्ली जेवताना बोलत नाहीस आणि कुणी हवामानाचा विषय काढला की ताट उचलून आत जातेस. फोनवर तू मला दोन वाक्यांत गुंडाळतेस, म्हणून कागद घेतला. कागदावर तुला मध्येच 'बरं ताई, ठेवते' म्हणता येत नाही.

गेल्या आठवड्यात सोमवारी तुझा अंदाज आमच्या बांधकामावर सगळ्यांनी ऐकला. चहावाल्याच्या रेडिओवर तुझा तो ऑफिसातला आवाज आला, घरी कधी न काढलेला: सुरुवातीला उष्मा वाढेल, गुरुवारी दुपारनंतर वादळी वारे, विजा, गारा, आणि त्यानंतर हवा झपाट्याने थंड होईल. मी कप हातात धरून सगळ्यांना सांगत होते, ही माझी धाकटी बहीण. मुकादम म्हणाले, "एक बहीण आभाळात चढते, दुसरी आभाळ वाचते. तुमच्या घरात जमिनीवर कोण राहतं?" मी म्हटलं, "आई. म्हणून तर घर चाललंय."

उष्मा तू म्हणालीस तसाच आला. वसंत म्हणजे हवेत थोडा ओलावा, झाडांना नवी पालवी, हे सगळं खाली. वर माझ्या क्रेनच्या केबिनमध्ये चारही बाजूंनी काच, त्यात मी आणि सूर्य. क्रेनचे दांडे हाताला चटका देत होते. त्या आठवड्यात माझं पोटही ठीक नव्हतं. तोंडात आल्याचा तुकडा धरून मी दिवसभर सळया, फळ्या आणि काँक्रीटच्या बादल्या उचलत होते.

आणि मग गुरुवार. तुझा शब्द मानून मुकादमांनी दुपारी काम थांबवलं. आम्ही सगळे खाली बसून वर बघत राहिलो. आभाळ पुसलेल्या पाटीसारखं. पान हलत नव्हतं. संध्याकाळी सळया बांधणारे डबे आवरताना म्हणाले, "ताई, बहिणीचं वादळ वाट चुकलं का हो?" सगळे हसले. तुमच्या ऑफिसातही त्या दिवशी काय झालं, ते आईकडून कळलं. साहेब चारचौघांत म्हणाले ना, की लोकांची कामं बंद पाडायला काय लागतं, नुसतं तोंड उघडायचं? त्या रात्री तू जेवली नाहीस, हेही कळलं.

आता शुक्रवारचं ऐक, कारण तू तो तुझ्या पडद्यावर पाहिलास आणि मी डोळ्यांनी.

दुपारी क्रेनच्या हुकाला सळयांचा भारा लटकत होता, तेव्हा तुझा फोन आला. काम चालू असताना मी फोन घेत नाही, पण तू कधी त्या वेळी करत नाहीस. तुझा आवाज अगदी बारीक होता. "ताई, वर आहेस? खाली उतर. पश्चिमेला काहीतरी फार वेगाने वाढतंय. कालच्यासारखं झालं तर मला शिव्या दे, पण उतर." मी मान वळवली. आधी नुसता पांढुरका धूसरपणा दिसला. मग कळलं की ती धूसर हवा नाही, तो ढग आहे, आणि मला त्याचा माथा दिसत नव्हता, कारण मी पुरेसं वर बघितलंच नव्हतं.

इतकी वर्षं मी उंचावर काम करते. गावातल्या सगळ्यांच्या डोक्यावर बसते, असा मला थोडा माजही होता. त्या ढगापुढे माझी क्रेन म्हणजे जमिनीत खोचलेली काडी. तो माझ्या डोळ्यांदेखत उकळत वर चढत होता, एका पाठोपाठ एक पांढरे घुमट फुटत होते. अगदी वर जाऊन तो पसरला होता, ऐरणीसारखा सपाट. तळाशी काळानिळा. आतल्या आत वीज पेटायची आणि पोटात दिवा लावल्यासारखा तो उजळायचा, आवाज मात्र नाही. त्याची सावली छपरांवरून आमच्याकडे पळत येत होती. शाळेचं छप्पर सावलीत गेलं, बाजार गेला, नदीचा पूल गेला. पक्षी माझ्या पायांखालून उडत चालले होते. भीती वाटली का, विचारशील. क्षणभर भीतीचीही आठवण राहिली नाही. हात जोडावेत की काय, असं वाटलं, पण हात दांड्यांवर होते.

भारा खाली टेकवला. वॉकीटॉकीवर मुकादमांना सांगितलं, वरच्या मजल्यावरची सगळी माणसं उतरवा. ते भडकले. "काल अर्धा दिवस बुडाला, आजही? बहिणीने काल सांगितलं, काय झालं?" मी म्हटलं, "काल नाही झालं, म्हणून आज होणार नाही असं लिहून द्या." लगेच पुढे म्हटलं, "मी हूक वर घेतेय, क्रेन बंद करतेय. आता वर थांबून ती माणसं माझ्याविना काय उचलणार?" मग त्यांनी शिट्टी मारली.

मी निघताना क्रेनच्या फिरण्याचा ब्रेक मोकळा सोडला. वादळात तो बांधून ठेवला तर वारा क्रेनच मोडतो. खांबाच्या आतली शिडी मी एरवी माकडासारखी उतरते, त्या दिवशी एकेक पायरी धरून उतरले. खालून क्रेनला इशारे देणारा माणूस ओरडत होता, "बाई, झोपलात का?" दोन्ही हातांनी लोखंड घट्ट धरलं होतं.

आम्ही पत्र्याच्या ऑफिसात शिरलो आणि दार लावायला तिघे लागले. मग गारा. पत्र्यावर असा मारा, की शेजारच्या माणसाचं तोंड हलताना दिसायचं, शब्द नाही. खिडकीतून मी माझी क्रेन बघत होते. वाऱ्याने तो एवढा मोठा लोखंडी हात सावकाश फिरवला, एखाद्या म्हाताऱ्याला खांद्याला धरून वळवावं तसा, आणि आपल्या दिशेला लावून ठेवला. वरच्या मजल्यावरच्या फळ्या सुटल्या. पत्त्यांसारख्या उडाल्या, रस्त्यापलीकडे गेल्या. नंतर बांबूची अख्खी परांची कलली आणि खाली आली. सळया बांधणारे शिट्टी होईपर्यंत त्याच कडेला बसून काम करत होते. त्यांतला सगळ्यात जास्त हसलेला माणूस माझ्या शेजारी उभा होता. त्याने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मुकादमांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. म्हणाले, "तुमच्या बहिणीला सांगा..." आणि वाक्य तसंच सोडून हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं.

शनिवारी हवा थंड झाली, तूच म्हणाली होतीस तशी. कपाटातून स्वेटर काढावा लागला. क्रेन तपासायला मेकॅनिकबरोबर वर गेले. तो वाटेत थांबून माझी वाट बघत होता आणि काही विचारत नव्हता, भला माणूस. वर काच धुतलेली, हवा धुतलेली. इतक्या वर्षांत कधी न दिसलेली डोंगररांग पूर्वेला दिसत होती, तिच्यावरची झाडंसुद्धा. कोपऱ्याकोपऱ्यांत गारांचे ढीग अजून पांढरे होते. मेकॅनिक एवढंच म्हणाला, "हे सगळं रोज इथेच असतं?"

आता मुद्द्याचं. तू गुरुवार धरून बसली आहेस, आणि मला तुला शुक्रवारबद्दल एक गोष्ट सांगायची आहे, जी तेव्हा मला आणि तुझ्या दाजींनाच ठाऊक होती. मागे दोनदा आम्ही घाईने सगळ्यांना सांगितलं आणि मग रडत रडत सगळ्यांना परत सांगावं लागलं. तू दोन्ही वेळा माझ्या उशाशी होतीस. म्हणून या खेपेला तोंडाला कुलूप. माझ्या जागी दुसरा माणूस या सोमवारपासून यायचा ठरला होता, तो आलाही. शनिवारी मी क्रेनवरून उतरले ती आता बरेच महिने चढणार नाही. आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी यंत्राचा आवाज मोठा केला आणि ठोके ऐकवले. इतके भरभर, की दाजी म्हणाले, "यंत्र बिघडलंय का?" बाई हसल्या, म्हणाल्या, "उत्तम चाललंय." शुक्रवारी तुझ्या बारीक आवाजाने त्या शिडीवरून आम्ही दोघं उतरलो गं. हे सगळ्यांत आधी तुला कळावं, म्हणून हे पत्र. आईला मी रविवारी घरी येऊन सांगणार आहे. तोवर तू गप्प राहायचंस. ते तुला जमणार नाही, हा माझा अंदाज.

तुझीच,
सध्या जमिनीवर असलेली
ताई