नाथानाला कोणी शिकवलं?

मंगळवार पेठ, कोल्हापूर
४ जानेवारी १९९९

प्रिय आण्णा,

तुला, वहिनींना आणि घरच्या सगळ्यांना अंजनाचा प्रभूमध्ये सलाम. नवं वर्ष सुखाचं जावो. इकडे थंडी बरी आहे. माझा गुडघा सकाळी कुरकुरतो आणि ऊन चढलं की गप्प बसतो. वहिनींनी शांतवनबरोबर पाठवलेल्या करंज्या मिळाल्या. कोणासाठी ते त्यांनी सांगितलं नव्हतं, पण तुझ्या लेकीने, सुवार्ताने, एका बैठकीत निम्मा डबा संपवला, तेव्हा योग्य ठिकाणीच पोहोचल्या असाव्यात.

चर्चमध्ये मी तुला पाळकसाहेब म्हणते. हे पत्र भावाला आहे, म्हणून 'तू'च लिहिणार. समोर बसून बोलले असते, पण सही झाल्याशिवाय तू मला भेटणार नाहीस असा निरोप आहे.

शांतवनने तुझा कागदही दिला. चर्चच्या पंचांचा सेक्रेटरी झाल्यापासून तो चपलासुद्धा तोऱ्यात काढतो. म्हणाला, "बाई, एक सही करा की. मिटलं. पोरगी घरला जाईल." कागदावर लिहिलंय की नाताळच्या नाटकातली ती वाक्यं मी सुवार्ताला शिकवली, आणि त्याबद्दल मी मंडळीची माफी मागते.

मी काय शिकवलं ते ऐक. दर नाताळला माझी संडे स्कूलची पोरं संदेष्टे होतात. यशया येतो, कुमारीला पुत्र होईल म्हणतो आणि जातो. मीखा येतो, बेथलेहेमचं नाव घेतो आणि जातो. नाथान दावीद राजाला सांगतो की तुझ्या वंशाचं राजासन कायम टिकेल, आणि तोही जातो. मग गव्हाणीतलं बाळ, टाळ्या, चहा. हातकणंगले स्टेशनवर गाडीची घोषणा करावी तसे आमचे संदेष्टे. गाडी येतेय एवढं सांगायचं आणि गप्प बसायचं.

या वर्षी नाथान सुवार्ता होती. दिलेली ओळ तिने नीट म्हटली. पण ती गेली नाही. दावीद झालेल्या पोराकडे तिने पाठ केली आणि पुढच्या बाकावर बसलेल्या तुझ्याकडे बघितलं.

"राजा, अजून एक सांगायचं हाय. गरिबाचं एकच कोकरू हुतं. तुझ्याकडं कळप हाय, तरी तू तेच नेलंस. आकारामकाकांची खोली परत दे."

तू विसरला असशील म्हणून लिहिते. चर्च झाडणाऱ्या, घंटा वाजवणाऱ्या आकारामला आवारातली मागची खोली होती. त्याच खोलीत त्याने बायकोचं आजारपण काढलं, तिथूनच तिला शेवटची नेली. पंचांनी ती कॉम्प्युटर क्लासला भाड्याने दिली आणि तू खाली सही केलीस. आता तो हातकणंगल्याला पुतणीकडे राहतो, आणि रविवारी सकाळच्या गाडीने येऊन तुझ्याच उपासनेची घंटा वाजवतो. तुला सलामही करतो. मला ते बघवत नाही.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर खोलीबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस. एवढंच विचारलंस, "कुणी शिकवलं तुला?" ती म्हणाली, "कुणी न्हाय." खरं नाव सांगेपर्यंत घरात पाऊल टाकू नकोस, म्हणालास. बारावीची पोर, पुस्तकांची पिशवी घेऊन माझ्या दारात आली.

आण्णा, देव संदेष्ट्याच्या मुखात शब्द घालतो हे तू व्यासपीठावरून किती वेळा सांगितलंस. मेंढरं राखणाऱ्याच्या, अडखळत बोलणाऱ्याच्या, मी अजून लहान आहे म्हणणाऱ्याच्या. मंडळी आमेन म्हणते. आणि तुझ्याच घरातली पोर बोलली तर ते शब्द आत्याचेच असले पाहिजेत, हे कुठल्या शास्त्रात आहे? मी तिला संदेष्टी म्हणत नाही. ती दूध उतू घालवते, क्लास बुडवून रंकाळ्यावर जाते आणि लायब्ररीत होते म्हणून सांगते. पण ती वाक्यं तिची होती.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. मी सही करणार होते. पेन उघडलं होतं. म्हटलं, पोर घरी जाऊ दे, माझं नाव खराब झालं तर झालं. सुवार्ता समोर भाकरी खात होती. म्हणाली, "कर की सही, आत्या. मग मी काय बोललेच न्हाय असं हुईल. आकारामकाकांसाठी कुणीच बोललं न्हाय असं हुईल." मी पेनाला टोपण लावलं. मला तिचा इतका अभिमान वाटला की रडू आलं. आणि तुझा राग आला, तो अजून गेलेला नाही.

तेव्हा कागद सहीविना परत पाठवते. सुवार्ता घरी येईल तेव्हा स्वतःचे शब्द घेऊन येईल. तेवढ्याला तुझ्या घरात जागा नसेल तर माझ्या घरात आहे. येत्या रविवारी आम्ही दोघी पुढच्या बाकावर बसू, आणि घंटा झाली की आकारामलाही शेजारी बसवून घेऊ.

तारण दावीदाच्या वंशातून आलं, हे वचन आपण दर नाताळला मिरवतो. पण ते वचन देणारा नाथान आणि दावीदाने दुसऱ्याची बायको नेली तेव्हा कोकराची गोष्ट सांगून त्याच्या तोंडावर पाप सांगणारा नाथान एकच. पहिला हवा आणि दुसरा नको, असं चालत नाही. दावीद तर एका शब्दात मान उडवू शकणारा राजा होता. तरी त्याने नाथानाला विचारलं नाही की तुला कोणी शिकवलं. मी पाप केलं, म्हणाला.

तू तर राजाही नाहीस, आण्णा. तुला इतकं जड जायला नको होतं.

तुझ्याच पाठची,
अंजना