चांदीवाल्याच्या बायकोचे कान

॥ देवमाता प्रसन्न ॥

यानिना, २० मे २०१३

चि. आन्थीस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पार्सल आठवड्यापूर्वी मिळालं. आत निघालं ते असं : स्टीलच्या रिंगांचा एक जोड, प्रत्येकीत तीन खडे, तांबडा, हिरवा, निळा, चर्चसाठी मेणबत्त्यांचं पुडकं, आणि माझाच मुरंब्याचा रिकामा डबा. टपालखर्च चार युरो वीस. तेवढ्यात दोन किलो मसूर आला असता, पण डबा परत आला म्हणून तुला माफ.

रिंगा मागच्या दाराशी उजेडात धरल्या. खोटं कशाला सांगू, डोळे निवले. वाटलं होतं, कानांची भोकं बुजली असतील. तेलाचा हात लावून सरकवल्या, तर आपल्याच घरात शिरल्यासारख्या आत गेल्या. आज आठवा दिवस. भांडी घासली, डोकं धुतलं, चुलीपुढे घामाघूम झाले. ना खाज, ना सूज. स्टील काळं पडत नाही, हिरवं पडत नाही, लिंबू-राखेने घासायला लावत नाही. अशी सून मिळाली असती तर बरं झालं असतं, पण देवाने मला मुलगी दिली, आणि तीही तोंडाळ.

तुला ठाऊकच आहे, लग्नात तुझ्या बाबांनी स्वतः घडवलेले चांदीचे डूल मी आठव्या दिवशी काढले. कान पिकून लाल झाले होते. त्यांना वाटलं, बायकोला आपलं काम पसंत नाही. मी दुखतं म्हटलं, तर आमच्या चांदीत खोट नाही म्हणाले. तिथे त्या विषयावरचं जे बोलणं खुंटलं, त्याला एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून कालिओपी आत्या दर सणाला ऐकवते, भाऊ माझा चांदीवाला आणि वहिनी भुंड्या कानांची!

फोन करू नकोस. तुझं नाव निघालं की हे रेडिओ मोठा करतात. पत्रच लिही.

तुझी,
आई

थेस्सलोनिकी, ३ जून

ती. आईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. कान बरे आहेत हे वाचून दुकान बंद केलं आणि स्वतःला आइस्क्रीम घेऊन दिलं. ओरडू नकोस, छोटंच घेतलं.

पण त्या रिंगा घालून बाहेर जाऊ नकोस. खडे मी गोंदाने बसवले आहेत. चांदीचं कोंदण बोटाने दाबलं तरी खड्यावर वळतं. स्टील वळत नाही, वळवलंच तर पुन्हा मागे येतं. या महिन्यात चार बायका रिकामी कोंदणं दाखवायला आल्या. सप्टेंबरच्या जत्रेत जागा मिळते आहे, हो-नाही ऑगस्टअखेर कळवायचं. तोवर खडे पक्के बसले नाहीत तर मी दुकान आवरून जर्मनीला एलेनी मावशीकडे जाईन. तिच्या लॉन्ड्रीत एक जागा आहे.

बाबांना विचार म्हणशील. नाही विचारणार. मी स्टीलला हात लावला त्या दिवशी ते म्हणाले होते की स्टील चमच्यांना, अंगावर नाही. ज्याला चमचे करायचेत त्याने माझ्या कामाच्या बाकावर बसू नये. दोन वर्षं झाली, मी बसले नाही.

तुला एक सांगितलं नव्हतं. मी नऊ वर्षांची असताना तू आरशापुढे ते डूल कानांशी नुसते धरून उभी होतीस, आणि मग परत खणात ठेवलेस. हे सगळं मी त्यापायीच करते आहे.

माया आहे तशीच ठेव.

तुझी,
आन्थी

॥ देवमाता प्रसन्न ॥

यानिना, ३० जुलै

चि. आन्थीस, अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तुझ्या पत्रातलं शेवटचं वाचून लगेच लिहवेना.

परवा, एक तारखेपासून, पंधरा दिवसांचा उपास, मांस-दूध-चीज बंद. घरात डाळ, भोपळा आणि ह्यांची कुरकुर. दुकानात गिऱ्हाईक नाही. लोक चांदी घ्यायला नाही, सोनं मोडायला निघालेत. तरी हे रोज सकाळी बाक पुसतात, तुझ्या बाजूचाही.

जर्मनीचं नाव काढू नकोस. दुसऱ्यांच्या चादरी धुवायला मी तुझे हात वाढवले नाहीत. मी आडून विषय काढला, की स्टीलमध्ये खडा बसतो का हो? म्हणाले, दगडात मुळा लागतो का? आणि रेडिओ.

दोन महिने रिंगा कानांत आहेत. ह्यांना दुकानात केसाएवढी चीर दिसते, घरात बायकोचे कान दिसत नाहीत. पंधरा ऑगस्टला देवमातेच्या सणाला मी त्या घालून जाणार. भुंड्या कानांनी तिच्यापुढे पुष्कळ वर्षं उभी राहिले. तिलाही जरा रंग बघू दे.

आई

थेस्सलोनिकी, ७ ऑगस्ट

ती. आईस, सा. न.

नको गं बाई! हिरवा खडा सगळ्यात सैल आहे. सगळ्या गावासमोर पडला तर आत्या वर्षभर पुरवून खाईल, आणि बाबांचं खरं ठरेल. माझं ऐक.

आन्थी

॥ देवमाता प्रसन्न ॥

यानिना, १७ ऑगस्ट

चि. आन्थीस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी ऐकलं नाही.

चर्चच्या दारातच कालिओपीने गाठलं. म्हणाली, काय गं फोतिनी, भांडी घासायची तार कानांत अडकवलीस का? मी म्हटलं, हो, तुझी जीभ घासायला आणली. देवमाता क्षमा करो, उपासाच्या शेवटच्या तासाला हे तोंडून गेलं.

मग तसबिरीचं चुंबन घ्यायला वाकले आणि रिंग काचेवर आपटली. टिक्. हिरवा खडा गेला. मागे रांग, पुढे धुपाचा धूर, आणि मी उभी थिजलेली. कालिओपी हसली ते मला पाठीला कळलं.

तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने तुझे बाबा आले. चक्क गुडघ्यांवर बसले. ते गुडघे, जे घरी चप्पलही उचलायला वाकत नाहीत! हातांनी फरशी चाचपत सगळ्या बायकांच्या पायांतून सरकले. पाद्रीबुवा धुपाटणं घेऊन वळसा घालून गेले. खडा सापडला तो कालिओपीच्या बुटाखाली. तिला म्हणाले, पाय उचल, माझ्या पोरीचं काम आहे ते.

माझ्या पोरीचं म्हणाले, आन्थी. मी स्वतः ऐकलं.

 घरी पंधरा दिवसांनी चीज घालून केलेली पालकाची पिटा ताटात निवत राहिली, हे सरळ खाली दुकानात. मी मागोमाग गेले. भिंग लावून खडा बघितला, मग तडकले, की हा गोंद कोणत्या गाढवाने लावला? मी म्हटलं, तुमच्याच तबेल्यातल्या. हसले नाहीत. कान पुढे कर म्हणाले.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी माझा कान बोटांत धरला. भिंगाखाली पुढून बघितला, मागून बघितला, मग दुसरा. कधीपासून घालतेस विचारलं, मेपासून म्हटलं. बराच वेळ भिंग डोळ्यावरून काढलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, तेव्हा खरंच दुखत होतं तर. मी हो म्हटलं.

त्यानंतर वर जाऊन खणातून ते लग्नातले डूल आणले आणि माझ्यासमोर कातरले.  त्या चांदीची मसुराएवढी वाटी केली, खाली बारीक दांडी ठेवली. वाटीत खडा बसवून चांदी त्यावर वळवली, दांडी खड्याच्या जागी तू स्टीलला पाडलेल्या भोकातून घातली आणि मागून ठोकून पसरवली. चांदी खड्याला धरते, स्टील चांदीला धरतं, आणि कानात जातं ते फक्त स्टील. दोन दिवस मी मान झटकते आहे, दारावर डोकं आपटते आहे, हलत नाही. कालिओपी काल साखर मागायला आली आणि साखर न घेताच गेली. जाताना एवढंच म्हणाली, हिरवा रंग तुला शोभतो.

तुझ्या बाकाच्या बाजूला दिवा नवा लावला आहे. कारण मी विचारलं नाही.

आता कामाचं. उरलेल्या चांदीतून तीस वाट्या निघतील, पुढची चांदी दुकानातून देऊ म्हणतात. जत्रेच्या लोकांना हो कळव. तुझ्या रिंगांना भोक किती मिलिमीटरचं पाडतेस आणि कोणत्या बसने येतेस, ते उलट टपाली कळव. हे मीच विचारते आहे असं लिहायला ह्यांनी मला दोनदा बजावलं आहे.

तुझी वाट बघणारी,
आई