केसालाही धक्का नाही

३ तारीख, सोमवार
लेकीच्या डोक्यात उवा. शाळेतून आल्या. बायकोलाही झाल्या, सासूबाईंनाही. मला नाहीत. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर उगाच नाही झालो. घरात आपली किंमत नसते, ती अशा वेळी कळते. उद्यापासून मोहीम.

४ तारीख
कारखान्यातली पिवळी-काळी टेप आणून बेडरूमच्या दाराला आडवी लावली. तिघी एकाच पलंगावर झोपतात, म्हणजे संसर्ग आटोक्यात. मी बाहेर सोफ्यावर. ही सोय माझ्या घोरण्यामुळे आधीपासूनच आहे. तात्पुरती. गेल्या वर्षीपासून. टॉवेल वेगळा, कंगवा वेगळा, उशी वेगळी. तेही आधीपासूनच. याला म्हणतात दूरदृष्टी.

५, संध्याकाळ
सूचना दिल्या. सासूबाई म्हणाल्या, उवा काय आम्ही पहिल्यांदा बघतोय? पालथ्या घड्यावर पाणी. टेप गायब. लेकीने कमरेला गुंडाळलीय, पट्टा म्हणून.

७ तारीख
औषध लावून झालं. आता रोज संध्याकाळी तिघी एकीमागे एक बसतात. सासूबाई बायकोचं डोकं बघतात, बायको लेकीचं, लेक बाहुलीचं. बारीक फणी, खाली जुना पेपर. ऊ पडली की हसतात. यात हसण्यासारखं काय आहे, मला समजत नाही. दारातून टॉर्च धरतो म्हणालो. बायको म्हणाली, लाइट आहे की, तू टीव्ही बघ.
बघितला. काय लागलं होतं आठवत नाही.

१० तारीख
ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. घरभर उवा, पण माझ्या केसालाही धक्का नाही. स्टोअरवाला म्हणाला, नशीबवान आहात साहेब. नशीब कसलं? शिस्त.

११ तारीख
जेवताना लेकीला शिस्तीचं महत्त्व पटवत होतो. ती म्हणाली, बाबा, उवा उडत नाहीत. टीचर म्हणाल्या, डोक्याला डोकं लागलं की जातात. तुझं डोकं कुणाला लागतं? भाजी वाढून घेत म्हणाली, सहज.
टीचरांचं सगळंच खरं नसतं.
झोपताना फार एकटं वाटलं. ॲसिडिटी असावी. गोळी घेतली. फरक नाही.

१२ तारीख
धोरणात बदल. सेफ्टी ऑफिसरने धोका जवळून बघितला पाहिजे. लेक चित्रं रंगवत होती, शेजारी बसलो. डोकं हळूच तिच्या डोक्याला टेकवलं. बाबा लांब हो, तुला होतील, म्हणाली. होऊ देत म्हणालो. तिने दोन्ही हातांनी ढकललं.
काळजी करते पोरगी. बरं वाटलं. लांब झालो.

१४, दुपार
घरात कुणी नाही. बायकोच्या उशीवर डोकं ठेवून बघितलं. निव्वळ तपासणी म्हणून. झोप लागली. अशी गाढ झोप सोफ्यावर लागत नाही.

१५ तारीख
खाजतंय! उजव्या कानामागे. नक्की.
चहाच्या वेळी गंभीरपणे जाहीर केलं. बायको म्हणाली, ये, बस इथे. सासूबाई सरकल्या. लेकीने पेपर पसरला. मान खाली घालून बसलो. बायको एकेक केस बाजूला करत बघत होती. तिची बोटं गार असतात, हे मी विसरलोच होतो. डोळ्यांत पाणी आलं. औषधाचा वास उग्र आहे.
घाई करू नकोस म्हणालो.
ती म्हणाली, काही नाही, कोंडा आहे. आणि इथे मागे चांगलंच टक्कल पडलंय, माहितीय का तुला? माहीत नव्हतं. कुणी सांगायचं?
मग म्हणाली, आमच्या तिघींच्याही गेल्या वाटतं. फणी गरम पाण्यात धुतली आणि कपाटात वर ठेवून दिली. लेक म्हणाली, संपलं? ऊठ ना बाबा.
उठलो.
मोहीम यशस्वी. सोफ्यावर आलोय. कानामागे अजून खाजतंय, असं उद्या सांगायचं.